नेम आणि आटे : बोल्ट-ॲक्शन रायफलीच्या अचूकतेचा भारतीय इतिहास

मराठीत ‘नेम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो : लक्ष्यावर रोखलेली नजर म्हणजे नेम, आणि रोज न चुकता पाळलेला नियम म्हणजेही नेम, त्यामुळे ‘नेमबाज’, ‘नेमका’ आणि ‘नेमाने’ हे तिन्ही शब्द एकाच घरातले ठरतात. बोल्ट-ॲक्शन रायफलीच्या अचूकतेचा इतिहास या दुहेरी अर्थाला पुष्टी देतो, कारण बंदुकीची अचूकता म्हणजे गोळीचा जोर नव्हे आणि तिचा पल्लाही नव्हे, तर एकामागून एक झाडलेल्या गोळ्या शक्य तितक्या एकाच जागी लागणे होय. लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांच्या पुंजक्याला नेमबाज ‘ग्रुप’ म्हणतात. हा पुंजका लहान असूनही मध्यापासून बाजूला पडत असेल, तर नळीच्या टोकावरची ‘माशी’ आणि तिच्या मागची ‘खाच’ यांची जुळणी बदलून तो मध्यावर आणता येतो. पुंजकाच विस्कटलेला असेल तर मात्र माशी कितीही सरकवली तरी काही साधत नाही. म्हणून गेल्या अडीचशे वर्षांत रायफलीत जी प्रत्येक सुधारणा झाली, ती कुठल्या ना कुठल्या जागेचा सैलपणा काढून टाकण्यासाठी झाली. भारतात हा प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नाही, कारण अचूक शस्त्र कोणाच्या हाती द्यावे आणि कोणाच्या हाती देऊ नये हे येथे दीर्घकाळ सत्ताधाऱ्यांनी ठरवले. परिणामी नळी, काडतूस, दस्ता आणि माणूस हे अचूकतेचे चार दुवे वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी घडत राहिले, आणि ते एकत्र येण्यासाठी क्रीडांगणाची वाट पाहावी लागली.

या इतिहासाचा एक धागा जयपुरातून जातो. शहराच्या वायव्येस असलेले झोटवाडा हे एके काळचे खेडे आज कारखान्यांच्या शेजारचे दाट वस्तीचे उपनगर झाले आहे, आणि त्याच नावाच्या विधानसभा मतदारसंघातून डिसेंबर २०२३ मध्ये निवडून आलेले राज्यवर्धनसिंह राठोड हे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप या प्रकारात रौप्यपदक मिळवणारे नेमबाज आहेत. त्यांचे शस्त्र रायफल नव्हते, शॉटगन म्हणजे छर्‍याची बंदूक होते. तिची नळी आतून गुळगुळीत असते, एका बारात शेकडो छर्रे पसरत जातात आणि हवेत उडालेली मातीची तबकडी त्या पसाऱ्यात सापडून फुटते. छर्‍याच्या बंदुकीला हा पसारा हवा असतो, तर रायफलीला तो मुळीच नको असतो. ही दोन शस्त्रे एकमेकांपासून कोठे वेगळी झाली, हे पाहण्यासाठी नळीच्या आत डोकवावे लागते.

नळी

बंदुकीची नळी सरळ आणि सर्वत्र सारख्या व्यासाची असणे ही अचूकतेची पहिली अट आहे, आणि या अटीची जाण भारतीय कारागिरांना फार पूर्वीपासून होती. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोवा जिंकल्यानंतर अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला तेथील बंदूककारांच्या कामाचा नमुना पाठवला आणि त्यांची कारागिरी बोहेमियातील नामांकित कारागिरांच्या तोडीची असल्याचे कळवले. जयपूरच्या डोंगरावरील जयगडात अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या काळी तोफा ओतण्याचा कारखाना होता, आणि ओतलेल्या तोफेची नळी आतून कोरण्यासाठी बैलांच्या जोड्यांनी फिरवले जाणारे यंत्र तेथे वापरात होते. १७२० मध्ये ओतलेली सुमारे २० फूट लांब नळीची ‘जयवाण’ तोफ याच गडावर आजही उभी आहे.

नळी उत्तम असली तरी तिच्यात ठासायची गोळी सैलच ठेवावी लागे. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरली जात असल्याने दारूची काजळी साचलेल्या नळीत गोळी पटकन उतरावी, म्हणून ती नळीपेक्षा मुद्दाम लहान ओतली जाई. ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ या प्रसिद्ध बंदुकीच्या नळीचा व्यास ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच, म्हणजे दोहोंत जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक होता. या मोकळ्या जागेमुळे गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूने बसेल त्याच्या विरुद्ध दिशेला भरकटे. त्या काळच्या सेनापतींना याचे फारसे दुःख नव्हते, कारण पलटणीचा मारा एकाच वेळी आणि जवळून होत असे. जयपूर संस्थानातील पाटण येथे २० जून १७९० रोजी महादजी शिंद्यांच्या सैन्याने मुघल सरदार इस्माईल बेग आणि त्याच्या राजपूत साथीदारांचा पराभव केला. त्या लढाईत शिंद्यांच्या पदरच्या द बॉयन या युरोपियन सेनानीने तयार केलेल्या कवायती पलटणींचा दबदबा त्यांच्या शिस्तबद्ध सरबत्तीत होता, एकेका शिपायाच्या अचूक नेमात नव्हता. बंदूक वेगाने भरता येण्यासाठी दीड मिलिमीटरचा सैलपणा पत्करण्यात ही लष्करे फायदाच पाहत होती.

आटे आणि अविश्वास

नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्रासारखे आटे पाडले, तर त्यांना घासून जाणारी गोळी स्वतःभोवती गिरकी घेत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा टोकावर तोल सांभाळतो तशी ती आपली दिशा सांभाळते. अशा आटेदार नळीच्या बंदुकीलाच ‘रायफल’ म्हणतात. युरोपातील शिकाऱ्यांना ही युक्ती पंधराव्या-सोळाव्या शतकापासून ठाऊक होती; तिचे शास्त्र मात्र अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मांडले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला. आटे आणि ठासणी यांचे मात्र जमत नव्हते, कारण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून आत घालावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या नावाने ओळखली जाणारी, बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी आली आणि ही अडचण सुटली : भरताना ती सैल असे आणि बार उडताच तिचे बूड फुगून आट्यांत रुतत असे.

याच तत्त्वावरची १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानात आली आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांच्या वादाने १८५७ च्या उठावाला निमित्त पुरवले. ती कहाणी सर्वश्रुत आहे. तिच्यानंतर जे घडले ते तितके परिचित नाही. उठाव शमल्यावर देशी पलटणींसाठी ब्रिटिशांनी एन्फील्डचाच एक निराळा नमुना काढला आणि त्याच्या नळीतील आटे तासून काढून टाकले, म्हणजे अचूक शस्त्र मुद्दाम बेभरवशाचे करून देशी शिपायाच्या हाती दिले. पहिल्या खेपेला ०.५७७ इंचाच्या नळ्या आतून कोरून ०.६५६ इंचाच्या केल्या, तेव्हा त्यांच्या भिंती इतक्या पातळ झाल्या की त्या फुगू लागल्या, म्हणून लगोलग जाड नळीचा सुधारित नमुना काढावा लागला. शस्त्र बिघडवण्याचे कामही नीट करावे लागले. त्यानंतर गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री रायफल असताना देशी पलटणींकडे तिच्या आधीची स्नायडर, आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आल्यावर देशींकडे मार्टिनी-हेन्री, असे एक पिढी मागे ठेवण्याचे धोरण दीर्घकाळ चालले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो या भेदभावामुळेच. ज्या काळात इंग्लंडमध्ये नागरिकांच्या रायफल संघटना आणि दूर पल्ल्याच्या स्पर्धा भरभराटीस आल्या, नेमक्या त्याच काळात हिंदुस्थानात नेम शिकण्याची वाट बहुतांश लोकांसाठी बंद राहिली.

कडी

दरम्यान युरोपात बंदूक तोंडाऐवजी मागून भरण्याची रीत रूढ झाली आणि तिच्यातून बोल्ट-ॲक्शन निर्माण झाली. तिची रचना दाराच्या कडीवरून सहज समजते. दाराची कडी जशी पुढे सरकवून खाली फिरवली की घट्ट बसते, तसा नळीच्या मागच्या बाजूला असलेला पोलादी दट्ट्या, म्हणजे बोल्ट, पुढे सरकताना काडतूस नळीत ढकलतो आणि मूठ खाली फिरवताच आपल्या अंगावरच्या उंचवट्यांनी खाचांत अडकून बसतो. बार झाल्यावर मूठ उचलून बोल्ट मागे ओढला की रिकामे टरफल बाहेर फेकले जाते. प्रशियाने १८४१ पासून स्वीकारलेली ड्रायझची सुईची बंदूक या कुळातली आद्य म्हणता येईल. पाउल माउझर याने १८७१ ते १८९८ या काळात या रचनेला जे रूप दिले, ते आजच्या बहुतेक शिकारी रायफलींचे मूळ आहे.

या रचनेने अचूकतेला दोन गोष्टी दिल्या. काडतूस दर वेळी नळीच्या अक्षाशी एकाच रीतीने बसू लागले, आणि बार उडताना मागचे दार पूर्णपणे बंद व स्थिर राहू लागले. नेमबाजाने चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत कुठलाही जड भाग पुढेमागे सरकत नसल्याने नेम हलण्याचे एक कारण नाहीसे झाले. स्वयंचलित शस्त्रे आल्यानंतरही नेमबाजीच्या स्पर्धेत बोल्ट-ॲक्शन टिकून राहिली, त्याचे रहस्य या स्थैर्यात आहे.

ब्रिटनने स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याची बोल्टरचना निवडली आणि १८८८ मध्ये तिला विल्यम मेटफर्डने आखलेल्या उथळ, गोलसर आट्यांची जोड दिली. जुन्या काळ्या दारूसाठी ते आटे उत्तम होते, कारण त्यांत काजळी साचत नसे. परंतु बिनधुराची ‘कॉर्डाइट’ दारू वापरात आल्यावर तिच्या प्रखर उष्णतेने ते भराभर झिजू लागले आणि नळी निकामी होऊ लागली. म्हणून १८९५ मध्ये एन्फील्डच्या कारखान्याने खोल, कडा असलेले पाच आटे पाडलेली नळी आणली. तिच्यात गोळी दर दहा इंचांत डावीकडे एक पूर्ण गिरकी घेई. दारू बदलली की नळी बदलावी लागते हा धडा त्यातून मिळाला, आणि ली-एन्फील्ड हे नाव जन्माला आले. भारतीय पोलीस ठाण्यांत आणि ग्रामीण बोलीत पुढे जी ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून प्रसिद्ध झाली, ती याच वंशातली ०.३०३ इंच व्यासाची रायफल होय.

काडतूस

अचूकतेचा दुसरा दुवा काडतुसाचा, आणि तो महाराष्ट्रात घडला. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, आणि थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांच्या बुडावर उमटवलेली ‘केएफ’ ही अक्षरे जगभरच्या संग्राहकांना या कारखान्याची खूण म्हणून परिचित आहेत. काडतुसाचे टरफल, त्यातील दारूचे वजन, बुडाची ठिणगी देणारी टोपी आणि गोळीचे वजन यांत किंचित फरक पडला तरी गोळीचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की दूरच्या लक्ष्यावर ती वर किंवा खाली लागते. म्हणून कारखान्यातल्या तराजूची शिस्त शेवटी मैदानावरच्या पुंजक्यात उमटते.

गोळीचा आकार बदलला की काय होते, याचे ठळक उदाहरण पहिल्या महायुद्धाने दिले. आधीची ‘मार्क ६’ गोळी गोल टोकाची आणि सुमारे १४ ग्रॅम वजनाची असे; १९१० मध्ये ब्रिटनने टोकदार, सुमारे ११ ग्रॅम वजनाची ‘मार्क ७’ गोळी स्वीकारली, आणि नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ६३० मीटरवरून ७४० मीटरपर्यंत वाढला. वेगवान गोळीचा मार्ग अधिक सपाट असल्यामुळे तिच्यासाठी खाचेवरील अंतराच्या खुणा नव्याने आखाव्या लागतात. हिंदी सैन्याकडे मात्र अजून जुन्या गोळीला जुळवलेल्या रायफली होत्या, म्हणून १९१४ च्या शरदात लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे शिपाई फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले तेव्हा त्यांच्या रायफली काढून घेऊन नव्या गोळीच्या रायफली देण्यात आल्या. आघाडीवर जाण्याच्या तोंडावर, हाताला सवय झालेले शस्त्र सोडून त्यांना नवे शस्त्र उचलावे लागले; एक पिढी मागे ठेवण्याच्या धोरणाची ती उरलेली सावली होती.

लाकूड आणि पोलाद

हिंदुस्थानातच रायफल तयार करण्याचा उद्योग कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या ईशापूर येथे, जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागी, १९०४ पासून सुरू झाला. ली-एन्फील्डच्या आखूड नमुन्याचे उत्पादन येथे दोन्ही महायुद्धांत चालले. रायफलीच्या अचूकतेत दस्त्याचे, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसवतात त्या लाकडाचे, महत्त्व किती मोठे असते हे या कारखान्याच्या कामातून दिसते. बार उडताच नळी तारेसारखी थरथरते. ती दर वेळी एकाच लयीत थरथरली तर गोळी एकाच ठिकाणी जाते, परंतु लाकूड तिला कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या बाजूने टेकत असेल तर लय बिघडते. पावसाळ्यात फुगणारे आणि उन्हाळ्यात आक्रसणारे लाकूड हा भारतीय हवामानातला नित्याचा शत्रू होता, म्हणून दस्त्याला जवसाचे तेल पाजण्याची पद्धत लष्करी शस्त्रकारांत रूढ होती. बाराच्या धक्क्याने लाकूड चिरू नये म्हणून ईशापूरने दस्त्यातून एक आडवा स्क्रू घालण्याची सुधारणा केली, आणि संग्राहक आजही त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्यात लाकूड मऊ असल्याने बाराचा धक्का जेथे येतो त्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या जात. दोन दूरच्या देशांतील कारागीर लाकडाच्या त्याच दुबळेपणाशी झगडत होते.

नंतरच्या काळात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडली. एका पद्धतीत नळीचा पुढचा भाग लाकडाला कुठेच टेकू न देता मोकळा ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत बोल्टच्या पेटीखाली राळेसारखा घट्ट होणारा लेप ओतून पोलादाच्या आकाराचा तंतोतंत साचा दस्त्यात घडवतात, म्हणजे प्रत्येक बारानंतर पोलाद अचूक त्याच जागी परत बसते. जुन्या ली-एन्फील्डमध्ये मात्र याच्या उलट, नळीच्या टोकाला दस्त्याने ठरावीक वरचा दाब द्यावा अशी योजना होती. दाब किती हे निश्चित असले तरच तिचा उपयोग होई. दोन्ही मार्गांचा हेतू एकच आहे : नळीला स्पर्श होवो वा न होवो, तो दर वेळी तसाच असावा.

ली-एन्फील्डच्या रचनेत एक दोष मानला जाई, आणि तोच दूरच्या पल्ल्यावर गुण ठरला. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाशी अडकतो, तर लीचा मागच्या टोकाशी, त्यामुळे बाराच्या दाबाने पेटीचा सांगाडा किंचित वाकतो आणि नळीचे टोक वर उचलले जाते. कमी वेगाची गोळी नळीतून थोडी उशिरा बाहेर पडते, आणि तोवर टोक अधिक उचललेले असल्यामुळे ती थोड्या वरच्या कोनातून सुटते. परिणामी दूरवर तिची घसरण आपोआप भरून निघते. म्हणूनच जवळच्या पल्ल्यावर माउझर-पद्धतीची रायफल सरस ठरत असताना, ८०० ते १००० यार्डांवर ली-एन्फील्डने ब्रिटिश स्पर्धांत नाव कमावले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने हीच रचना ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी अधिक मजबूत पोलादात उतरवली आणि तिला ‘२ ए’ हे नाव दिले. पुढच्या ‘२ ए १’ या नमुन्यात खाचेवरील कमाल अंतराची खूण २००० वरून ८०० मीटरवर आणण्यात आली. एके काळी पलटणींच्या सरबत्तीसाठी लिहिलेला दोन हजारांचा आकडा पुसून त्याजागी एकट्या शिपायाला खरोखर साधेल असे अंतर लिहिले गेले, हा अचूकतेविषयीच्या समजुतीतला प्रामाणिक बदल होता. नागरिकांसाठी ईशापूरने याच बोल्टवर ०.३१५ इंचाची शिकारी रायफल बनवली, कारण लष्करी व्यासाची शस्त्रे सामान्य परवानाधारकाला देण्यावर बंदी होती.

परवाना आणि मैदान

नळी, काडतूस आणि दस्ता यांचे असे काही बऱ्यापैकी जमले तरी चौथा दुवा, म्हणजे नेम शिकलेला माणूस, लष्कराबाहेर दुर्मीळच राहिला. संस्थानिक याला अपवाद होते. लंडनच्या रिग्बी आणि हॉलंड अँड हॉलंड यांच्या दुकानांतील उत्तमोत्तम रायफली राजवाड्यांत पोहोचल्या आणि जयपूरच्या राजघराण्याची सवाई माधोपूरजवळची राने शिकारीसाठी विख्यात झाली. ही राने आज रणथंभोरचे राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपुष्टात आणली, आणि रायफलीचे लक्ष्य जंगलातून कागदावर आले.

कागदावरचे लक्ष्य सर्वांसाठी खुले करण्याची संस्थात्मक सुरुवात त्याआधीच एका मराठी माणसाने केली होती. बडोद्यात १८८८ मध्ये जन्मलेले आणि अहमदाबादला स्थायिक झालेले गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली आणि तेच तिचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. १८७८ च्या कायद्याच्या छायेत वाढलेल्या पिढीतील एका संसदपटूने स्वतंत्र भारतात नागरिकांच्या हाती रायफल देणारी संघटना उभारावी, यातील ऐतिहासिक उलटफेर लक्षात घेण्यासारखा आहे. १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेनेने महाविद्यालयीन मुलामुलींना ०.२२ इंचाच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीची ओळख करून दिली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्रसेनेतूनच नेमबाजीकडे वळलेल्या अंजली वेदपाठक-भागवत यांनी २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली.

०.२२ इंचाचे हे लहान काडतूस १८८७ च्या सुमाराचे आहे; त्याची शिशाची गोळी अवघी २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग ध्वनीपेक्षा किंचित कमी ठेवला जातो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डगमगते. ५० मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे कोनाच्या मापात सुमारे पाऊण कोनमिनिटाचे असते. एका अंशाच्या साठाव्या भागाला कोनमिनिट म्हणतात आणि ५० मीटरवर तो सुमारे साडेचौदा मिलिमीटर भरतो. जुन्या लष्करी रायफलीचा पुंजका तीन-चार कोनमिनिटांचा असला तरी तो समाधानकारक मानला जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्तुळाचा कस कळतो. म्हणून आजचे नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट आवळून एकाच कारखान्यात वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या काडतुसांच्या घाण्यांची चाचणी घेतात, आणि ज्या घाण्याचा पुंजका आपल्या नळीतून सर्वांत लहान पडतो त्याचीच पेट्यांवर पेट्या खरेदी करतात.

कोल्हापूर आणि जयपूर

यंत्राचा सैलपणा इतका कमी झाल्यावर उरतो तो माणसाचा : श्वासाने हलणारी छाती, नाडीच्या ठोक्याने उडणारा पट्टा, दर वेळी वेगळ्या कोनात बसणारी कोपराची टेकण. पश्चिम महाराष्ट्राने या बाबतीत मोठी कामगिरी केली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून झाडण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, मध्य रेल्वेत नोकरी करणारे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत नेम साधायचा हा प्रकार असून त्यात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे याही महाराष्ट्राच्याच आणि स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या.

झोटवाड्याहून शहर ओलांडून आग्नेयेला गेले की जगतपुराचे शूटिंग रेंज लागते, जेथे अवनी लेखरा यांनी नेमबाजीचा सराव केला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये ३० ऑगस्ट २०२१ रोजी त्यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक पटकावले, आणि ३ सप्टेंबरला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे बोल्ट-ॲक्शन रायफलीच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवले. चाकांच्या खुर्चीत बसून नेम धरणाऱ्या या जयपूरच्या मुलीला मार्गदर्शन करणाऱ्या सुमा शिरूर महाराष्ट्रातील होत्या. २००४ मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण नोंदवून विश्वविक्रमाशी बरोबरी केलेल्या या नेमबाजाने पुढे शिकवण्याचे काम हाती घेतले. पाटणच्या लढाईत मराठी फौज आणि जयपूरची माणसे एकमेकांसमोर उभी होती. सव्वादोनशे वर्षांनंतर महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेने जयपूरच्या विद्यार्थिनीचे श्वास मोजून दिले.

अवनी लेखरा यांनी सुवर्णपदक मिळवलेल्या १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ठासणीच्या बंदुकीत गोळी आणि नळी यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेला दीड मिलिमीटरचा सैलपणा या ठिपक्याच्या तिप्पट भरतो. म्हणजे अठराव्या शतकातील पलटणींनी नळीच्या आत सोय म्हणून राखलेली मोकळी जागा आज या ठिपक्यात मावतच नाही. मधल्या काळात आटे पाडले गेले, तासून काढले गेले आणि पुन्हा पाडले गेले. खडकीच्या तराजूवर दारू तोलली गेली, ईशापूरच्या लाकडाला तेल पाजले गेले आणि परवान्याच्या कागदावरची नावे बदलली. या सर्व सुधारणांनी यंत्राकडून जे नियमितपण मिळवले, ते शेवटी जगतपुराच्या रेंजवर रोज सकाळी त्याच खुर्चीत, त्याच उंचीवर, त्याच श्वासाने केलेल्या सरावात माणसाकडून मागितले जाते; आणि तेथे ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत.